'तीव्र' हे विशेषण की पदवी?

गुहागरकडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "अरबी समुद्रात काही शिजायला लागलं की बातम्यांत पायऱ्या सुरू होतात. कमी दाबाचा पट्टा, तीव्र कमी दाबाचा पट्टा, चक्रीवादळ, तीव्र चक्रीवादळ, अतितीव्र. मी बाबांना फोनवर वाचून दाखवते आणि ते विचारतात, 'तीव्र म्हणजे किती?' मला सांगता येत नाही. ते स्वतः सगळ्यालाच तुफान म्हणतात. ते चूक आहे का? आणि हे 'तीव्र' नुसतं विशेषण आहे की त्याला काही ठरलेला अर्थ आहे?"

ताई, तुमच्या बाबांनी दुखणं नेमकं ओळखलं आहे. 'तीव्र' इथे पदवी आहे, पण ती विशेषणाच्या वेशात येते. आपण तीव्र नाराजी, तीव्र वेदना, तीव्र उतार असं रोज बोलतो. कानाला तो शब्द 'जरा जास्त' एवढंच सांगतो. हवामान खात्याच्या भाषेत मात्र त्यामागे मोजमाप आहे. वाऱ्याची तीन मिनिटांची सरासरी ताशी ६२ किलोमीटरला पोचली की ते चक्रीवादळ होतं, आणि त्याच पायरीवर त्याला नाव मिळतं. ८९ ते ११७ या टप्प्यात ते तीव्र चक्रीवादळ. ११८ पासून अतितीव्र. १६७ पासून आणखी एक वरची पायरी आहे, आणि २२२ च्या पुढे सुपर सायक्लोन, म्हणजे महाचक्रीवादळ.

१६७ च्या त्या पायरीला मराठीत पक्का शब्दच रुजलेला नाही. कुणी 'अत्यंत तीव्र' लिहितं, कुणी परत 'अतितीव्र'च. 'अत्यंत' हाही 'अति' आणि 'अंत' मिळूनच झालेला शब्द, तेव्हा ऐकणाऱ्याला दोन्हींत फरक जाणवणार तरी कसा? मे २०२१ चं तौक्ते या १६७ च्या वरच्या पायरीवर गेलं होतं. खालच्या बाजूलाही तोच घोळ आहे. ३१ ते ४९ किलोमीटरच्या वाऱ्याला डिप्रेशन म्हणतात, ५० ते ६१ ला डीप डिप्रेशन. यांच्यासाठी बातम्यांत 'कमी दाबाचे तीव्र क्षेत्र' असं काहीसं येतं. म्हणजे 'तीव्र' पन्नासच्या वाऱ्यालाही लागतो आणि शंभरच्या वाऱ्यालाही. एका जिन्याच्या दोन वेगळ्या पायऱ्यांना एकच नाव दिल्यावर अंधारात माणूस पडणारच.

ही पदवी किती फसवते ते आमच्या घरानं पाहिलं आहे. ३ जून २०२० च्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. वारा ताशी ११० ते १२० च्या घरात होता. पदवी फक्त 'तीव्र'. अतितीव्रच्या उंबरठ्याशी, पण तीव्रच. त्या 'तीव्र'नं रायगडात आणि खाली दापोली-मंडणगडपर्यंत माड-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळीचं झाड फळाला यायला सहा-सात वर्षं तरी जातात, हे माहीत असलेल्या माणसाला तो शब्द आजही तोकडा वाटतो.

आता 'कमी दाब'. मला विचाराल तर सगळ्यांत जास्त गोंधळ हा शब्द करतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. २ जूनच्या संध्याकाळी आंजर्ल्याहून आत्याचा फोन आला. आवाजात हायसं वाटल्याची खूण होती. म्हणाली, "टीव्हीवर सांगतायत, दाब आणखी कमी झाला. म्हणजे टळलं ना रे?" तिच्या मराठीनं तिला बरोबरच अर्थ दिला होता. रक्तदाब कमी झाला, कामाचा दाब कमी झाला, म्हणजे सुटका. इथे उलट आहे. मधला दाब जितका उतरेल तितकी भोवतालची हवा तिकडे जोरानं धाव घेते, पृथ्वीच्या फिरण्यानं तिला वळण मिळतं आणि चक्र गरगरायला लागतं. खालचा समुद्र साडेसव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर तापलेला असला की त्याची वाफ या चक्राला पोसत राहते. मी आत्याला म्हटलं, "आत्या, हवेत खळगा पडलाय आणि तो खोल होत चाललाय. चहूबाजूंनी वारा त्यात पडायला धावतोय." ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "मग पडवीतलं सामान आत घेते." 'खळगा' हा काही शास्त्रातला शब्द नाही. पण 'खळगा खोल झाला' ऐकून कुणाला हायसं वाटत नाही, म्हणून तोंडी सांगताना मी तोच वापरतो.

इथेच 'पट्टा' आणि 'क्षेत्र' यांचंही बघा. पट्टा म्हणजे लांबट, शेकडो किलोमीटर पसरलेली कमी दाबाची पट्टी. पावसाळ्यात किनाऱ्याला समांतर असा पट्टा तयार होतो आणि आपल्याकडे चार दिवस धो धो लागतो. त्याचं वादळ होत नाही. चक्रीवादळ वाढतं ते क्षेत्रातून, म्हणजे गोलसर, बंदिस्त खळग्यातून. 'कमी दाबाच्या पट्ट्याचे चक्रीवादळात रूपांतर' हे वाक्य छापील मराठीत सर्रास दिसतं आणि ते चूक आहे. दर पावसाळ्यात पट्टा ऐकून ऐकून माणसाचं भय मोडलेलं असतं. मग खरोखरच क्षेत्र तयार होतं तेव्हा त्यालाही तो पट्टाच समजतो.

बाबांचं 'तुफान' अजिबात चूक नाही. अरबीत हा शब्द नूहच्या महापुराला वापरतात. फारसीतून तो मराठीत आला आणि किनाऱ्यावर कधीचा मुरला. काबाभोवतीची प्रदक्षिणा म्हणजे तवाफ, तोही याच धातूतला मानतात. तसं असेल तर गरगर फिरण्याचा अर्थ 'तुफान'च्या पोटातच आहे. 'सायक्लोन' हा शब्द १८४८ मध्ये कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन यांनी जहाजांच्या नोंदी अभ्यासून घडवला, ग्रीक भाषेतल्या सापाच्या वेटोळ्यावरून. आपलं 'चक्रीवादळ' त्याच्या मागून आलेला, नीट घडवलेला शब्द आहे. तो सलग लिहावा, 'चक्री वादळ' असा तोडू नये. 'वादळ' मात्र जुनं. संस्कृतातल्या 'वार्दल'शी, म्हणजे पावसाळी कुंद दिवसाशी, त्याचं नातं लावतात. हिंदीतला 'बादल' त्याच कुळातला. तिकडे त्याचा ढग झाला, आपल्याकडे त्यात वारा शिरला.

वाऱ्याची आणखी नावं कोकणात आहेत आणि ती एकमेकांच्या जागी वापरू नयेत. वावटळ शेतात धूळ-पाचोळा उचलते आणि काही मिनिटांत विरते. फिरते म्हणून तिला छोटं चक्रीवादळ म्हणणं बरोबर नाही. वारा-वावधान म्हणजे दारं-खिडक्या आपटवणारा, कौलं हलवणारा वारा, मग तो कशामुळेही आलेला असो. वाऱ्याबरोबर तिरका पाऊस पडवीत घुसतो ती वावझड. चक्रीवादळात वावधान आणि वावझड दोन्ही असतं, पण यातलं काहीही चक्रीवादळाशिवाय येऊ शकतं.

'समुद्राला उधाण' या शब्दप्रयोगाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. उधाण चंद्राचं असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती, ते उधाण; अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढतं, तो भांग. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ ढोबळमानानं निघते: पौर्णिमेला पंधराचे पाऊण, सव्वाअकरा. कोळीवाड्यांत हा हिशेब तोंडी असतो. वादळ जे पाणी चढवतं ते या हिशेबात बसत नाही. वारा समुद्र किनाऱ्याकडे लोटतो, शिवाय दाब एक मिलिबार उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर येतं. हे पाणी पंचांगात नसतं. त्याला लाट म्हणणंही अपुरं आहे, कारण लाट येते आणि मागे जाते. इथे अख्खी पातळीच वर येऊन काही तास तिथे राहते आणि तिच्यावर लाटा चढतात. मी 'वादळानं फुगलेलं पाणी' असं लिहितो. 'पाणी फुगलंय' हे खाडीकाठी कुणालाही कळतं. हे पाणी उधाणावर चढलं तर धोका दुप्पट. निसर्ग आलं तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती.

मग पदवीऐवजी काय? किनाऱ्यावर याचं एक जुनं उत्तर आहे: बावटा. "बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला" हे वाक्य हर्णैपासून मालवणपर्यंत कुणालाही समजावून द्यावं लागत नाही. बंदरांचे इशारे एकपासून अकरापर्यंत आहेत. तीन म्हणजे बंदरातच सोसाट्याचा वारा येण्याची सावधगिरी, आठ ते दहा महाधोका, अकरा म्हणजे इशारा देणाऱ्यांशी संपर्कच तुटला. पाच ते सातमध्ये तर वादळ बंदराच्या कोणत्या बाजूनं जाईल तेही आकडाच सांगतो. दिवसा प्रत्यक्षात शंकू आणि नळकांडी टांगतात, रात्री दिवे, तरी शब्द बावटाच राहिला. आकड्याला अति, अत्यंत, तीव्र असे पदर नसतात, म्हणून तो चुकत नाही.

अर्थात पायरी खालची म्हणून समुद्रात असलेल्यानं निर्धास्त राहावं असंही नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्याला लागलेलं फयान नुसतं 'चक्रीवादळ' होतं, तीव्रसुद्धा नव्हे. पण ते आलं मासेमारीच्या ऐन हंगामात, नौका बाहेर असताना. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अजून लोक 'फयानच्या साली' म्हणून काळ मोजतात.

शेवटी 'वारा पडला'. वादळाचा डोळा डोक्यावरून जाताना वारा खरोखर पडतो, आभाळही थोडं उघडतं. आपल्या भाषेत वारा पडला म्हणजे संपलं. इथे थोड्या वेळानं तो उलट्या दिशेनं परत येतो, तेवढ्याच जोरानं, आणि एका बाजूला कललेली झाडं दुसरीकडून मोडतात. हे बाबांना आधीच सांगून ठेवा. पुढच्या वेळी फोनवर पदवी वाचून दाखवू नका. एवढंच सांगा: "बाबा, तुफान येतंय. वारा शंभराच्या वर आहे, उद्या दुपारी लागेल, भरतीही तेव्हाच आहे, पाणी फुगेल. मधेच वारा पडला तरी मी फोन करेपर्यंत बाहेर पडू नका."