पुणे रेसिडेन्सीतल्या इंग्रजांची चरित्रं लिहायला लंडनला येण्यापूर्वी

तुम्ही विचारलंत, अठराव्या शतकात पुण्यात राहिलेल्या इंग्रजांवर लिहायला वर्षभर लंडनला यायचंय, तर तयारी काय करावी? आधी मुंबई उरका. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात मुंबई सरकारची दप्तरं आहेत आणि पुणे रेसिडेन्सीचा, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलातीचा, पत्रव्यवहार छापूनही निघालेला आहे. कंपनीचा वकील (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारात काय करत होता, ते तिथेच कळतं. त्याचं घरदार, पैसाअडका, नातीगोती शोधायला इथे या.

इथे सुरुवात मृत्युपत्रांपासून करा. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली (ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार) 'प्रॉब ११' ही मृत्युपत्रांची मालिका घरबसल्या नावावरून शोधता येते. मात्र त्या कारकुनाने उतरवलेल्या नकला आहेत, त्यामुळे त्यावरून अक्षर किंवा सही ओळखू नका. त्यासाठी मूळ कागद 'प्रॉब १०' मध्ये पाहा. 'नॅचरल सन' म्हणजे लग्नाबाहेरचा मुलगा. त्याची आई हिंदुस्थानी असेल तर तिचं नाव कित्येकदा दिलेलंच नसतं, आणि हे फार वाईट वाटतं. मग ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या 'एन/३' नोंदी चाळा.

सर्वांत जास्त फसगत तारखांत होते. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. आईबापांचं लग्न मे १७३९ मधलं आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७३९ मधला दिसला तर घाबरू नका, तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७४० चा. टिपणात '१७३९/४०' असंच लिहा. शिवाय १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ तारीख आली. हस्ताक्षरात लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो. मोडी वाचायची सवय असेल तर आठवड्याभरात नजर बसते.

वाचक-कार्डासाठी पासपोर्टबरोबर पत्ता छापलेलं बँक स्टेटमेंट आणा, नव्याने आलेल्यांचं घोडं तिथेच अडतं. क्यू रविवार-सोमवार बंद असतं. वाचनकक्षात शाईचं पेन चालत नाही, पेन्सिलच लागते. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला पैसे पडत नाहीत. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्याने ब्रिटिश लायब्ररीचा कॅटलॉग कोलमडला होता, म्हणून हवा तो दस्त मिळतोय का, हे ईमेलने विचारूनच तिकीट काढा.

खोली हॅमरस्मिथकडे शोधा. भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट लाइनने थेट क्यू गार्डन्स, पिकॅडिली लाइनने थेट किंग्ज क्रॉस, तिथून लायब्ररी चालत.