उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्राची नोंदणी) आहे, तर मिरजेच्या रेल्वे टेंडरला बयाणा रक्कम भरावी लागेल का? (कुपवाड एमआयडीसीत लोखंडी रॅक बनवतो)

नाही. टेंडर मालपुरवठ्याचं असेल आणि रॅक तुम्ही स्वतः बनवत असाल, तर बयाणा रक्कम (बोलीसोबत भरायची अनामत, म्हणजे ईएमडी) माफ आणि टेंडर फॉर्मही मोफत. केंद्राच्या 2012 च्या सूक्ष्म व लघु उद्योग खरेदी धोरणातच ही तरतूद आहे. मध्यम उद्योगांना आणि दुसऱ्याचा माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांना ती लागू नाही. घोळ बहुतेक वेळा कागदात होतो: उद्यम प्रमाणपत्र अपलोड करायचं राहतं, किंवा त्यात व्यवसायाचा कोड फक्त 'ट्रेडिंग'चा (व्यापाराचा) असतो. मग बयाणा नाही म्हणून बोली सरळ बाद. टेंडर भरण्याआधी कोड तपासा, चूक असेल तर उद्यम पोर्टलवर दुरुस्ती मोफत होते. एजंटला पैसे देऊ नका.

दराचा फायदा याहून मोठा, पण तो फार कमी लोक मागतात. सर्वांत कमी दर मोठ्या कंपनीचा 1,00,000 रुपये आणि तुमचा 1,15,000 पर्यंत असेल, तर त्या कमी दरात माल द्यायची तयारी दाखवून ऑर्डरचा किमान 25 टक्के भाग मिळू शकतो. सर्वांत कमी दर सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचाच असेल तर ही संधी नाही.

मात्र काम मिळाल्यावरची सुरक्षा ठेव सहसा भरावीच लागते. शेड उभारणीसारख्या बांधकामाच्या टेंडरला हे धोरण लागू नाही, आणि सांगली जिल्हा परिषदेसारख्या ठिकाणी राज्याचे नियम चालतात. तिथे टेंडरमधल्या अटी वाचा.