आधी दाभण घे

चि. मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोटो पाहिले. लोअर सॅक्सनीतलं जुनं शेतघर, त्याचं गावासाठी वाचनालय करायचं आणि काम तुझ्याकडे! आराखड्याचं नंतर बघू. आधी एक दाभण घे आणि गुडघे टेकून घराला प्रदक्षिणा घाल. जमिनीलगतची आडवी तुळई, तिला तिकडे श्वेले म्हणतात, हातहात अंतरावर टोचत जा. ओक कणखर असतं, दाभण अडेल. जिथे ते लोण्यात गेल्यासारखं रुतेल, तिथे वरचा गिलावा खरवडून बघ. बहुधा सिमेंट निघेल. मूळ भिंत म्हणजे कोकणातला कूडच: काठ्यांची वीण, वर माती आणि पेंढ्याचं लिंपण. ती ओल पिते आणि वाळतेही. सिमेंट ओल कोंडून ठेवतं आणि शेजारचं लाकूड कुजवतं. दुरुस्ती माती-चुन्यानेच कर. कंत्राटदार कुरकुर करील, करू दे.

गोठ्याकडच्या विटांवर पांढरा लोणा दिसला तर दचकू नकोस. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुताचे क्षार आहेत ते. रंग मारून झाकू मात्र नकोस, महिन्या-दोन महिन्यांत पोपडे सुटतील.

खांबांवर सुतारांनी कोरलेले रोमन आकड्यांसारखे खुणेचे आकडे सापडतील. कुठला जोड कुठे बसवायचा त्याचा तो हिशेब. वाळूच्या फवाऱ्याने लाकूड ‘स्वच्छ’ करायला कुणी आला, तर त्याला फाटकातूनच परत पाठव.

आता पुस्तकं. राहत्या घराच्या मजल्यावर दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात. पुस्तकांच्या साठ्यासाठी युरोकोड, म्हणजे युरोपातली बांधकामाची नियमावली, 750 किलोच्या आसपास धरायला सांगते. माळ्यावर गवत राहायचं म्हणून पुस्तकं राहतील, असं समजू नकोस. एका वाड्यात मी कपाटं वरच्या मजल्यावर चढवली होती. तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या खोलीचं दार लागेना. सुताराने दार तासलं, तरी लागेना. मग कुणीतरी मान वर केली आणि वाकलेली तुळई दिसली.

म्हणून जड मांडण्या खालीच. मधल्या डीलेच्या, म्हणजे घराच्या मधोमध असलेल्या मोठ्या दालनाच्या, दोन्ही अंगांना गाई आत तोंड करून उभ्या राहत, त्या जागा मांडण्यांना द्यायच्या. मांडण्या बाहेरच्या भिंतीला चिकटवू नकोस, मागून हवा खेळू दे. नाहीतर थंडीत भिंत घामेजते आणि पुस्तकांना बुरशी धरते. गवताची गाडी ज्या मोठ्या दारातून थेट आत यायची, तिथूनच चाकाची खुर्चीही येईल. ते दार बंद करून बाजूला नवं प्रवेशद्वार काढायचा मोह होईल, तो आवर.

एक गंमत. दोन खांबजोड्यांमधल्या जागेला ते ‘फाख’ म्हणतात आणि घर किती फाखांचं यावर त्याचा आकार सांगत. आपण घर किती खणांचं ते सांगतो, तसंच. आणि कपाटाच्या कप्प्यालाही त्यांच्याकडे फाखच, आपल्याकडे खणच.

दाभण कुठे कुठे रुतलं त्याचा नकाशा काढून पाठव. मग मांडण्यांचं बोलू.

तुझे,
काका