बटण सोडताच मोटार बंद पडते: स्टार्टरमधील ‘होल्डिंग’विषयी सल्ला

प्रश्न: विहिरीवरील थ्री-फेज मोटार हिरवे बटण दाबून धरले तोवरच चालते, बोट काढताच थांबते. सध्या बटणात काडी खोचून पाणी देत आहोत. स्टार्टर बदलावा का? लाईट जाऊन आल्यावर मोटार आपोआप का सुरू होत नाही? खालच्या शेतातूनही ती बंद करता येईल का?

उत्तर: प्रथम ती काडी काढावी. स्टार्टर बदलण्याची गरज बहुधा पडणार नाही.

हिरवे बटण स्प्रिंगचे असल्याने दाबलेले असेपर्यंतच जोडलेले राहते. लाल बटण नेहमी जोडलेले असते आणि दाबल्यावर तुटते. मोटारीचा प्रवाह या बटणांतून जात नाही. एका फेजवरून निघालेली बारीक तार ओव्हरलोड रिले (मोटार जास्त प्रवाह घेऊ लागल्यास ती बंद करणारा भाग), लाल बटण व हिरवे बटण यांतून कॉईलला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, येते आणि कॉईलचे दुसरे टोक दुसऱ्या फेजला असते. हिरवे बटण दाबताच कॉईल चुंबक बनून लोखंडी पट्टी ओढते, तीन मुख्य संपर्क जुळून मोटार सुरू होते आणि त्याच पट्टीबरोबर चौथा, लहान संपर्कही जुळतो. हा चौथा संपर्क हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असल्यामुळे बोट काढल्यावरही कॉईलला त्याच्यातून वीज मिळत राहते. वायरमन यालाच होल्डिंग म्हणतात.

बटण दाबून धरल्यावर आपली मोटार चालते, म्हणजे कॉईल, लाल बटण आणि ओव्हरलोड रिले ठीक आहेत. दोष या चौथ्या संपर्कात किंवा त्याच्या दोन तारांत आहे. अनेक कॉन्टॅक्टरवर (कॉईल, पट्टी व संपर्क असलेल्या स्टार्टरमधील भागावर) त्याच्या स्क्रूंजवळ १३ व १४ हे आकडे असतात. मेन स्विच बंद करून व फ्यूज काढूनच वायरमनकडून स्क्रू, तुटकी तार, काजळी आणि मुंग्यांची माती तपासून घ्यावी, कारण कॉईल दोन फेजमध्ये असलेल्या स्टार्टरच्या बटणांपर्यंत ४१५ व्होल्ट येतात. मोटार बोट काढताना नव्हे, तर चालता चालता खडखडून सुटत असेल, तर व्होल्टेज मोजावे. ४१५ व्होल्टच्या साध्या कॉईलला पट्टी ओढण्यासाठी सुमारे ३५३ व्होल्ट तरी लागतात.

लाईट गेली की चुंबक सुटते, चौथा संपर्क उघडतो आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत मोटार बंदच राहते. हा दोष नसून संरक्षण आहे: फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) साफ करायला कोणी विहिरीत उतरले असताना लाईट आली, तरी मोटार सुरू होत नाही. काडी नेमके हेच संरक्षण काढून टाकते; शिवाय लाल बटणावरून बोट उचलताच मोटार पुन्हा सुरू होते. ऑटो स्विचनेही मोटार लाईट येताच आपोआप सुरू होते, आणि भागातील सर्व मोटारी एकदम सुरू झाल्याने रोहित्रावर भार येतो, म्हणून महावितरण तो न वापरण्याचे आवाहन करते.

मात्र होल्डिंगवर सर्वस्वी विसंबू नये. कॉईल ज्या दोन फेजवर आहे त्या सोडून तिसरा फेज गेला, तर कॉईल धरूनच राहते आणि उरलेल्या दोन फेजवर मोटार तापते. त्यासाठी योग्य मापावर लावलेला ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादा फेज गेल्यास मोटार बंद करणारे उपकरण) हवा.

खालच्या शेतात दुसरे लाल बटण बसवता येईल. ते पहिल्या लाल बटणाशी एकसरीत, म्हणजे एकामागोमाग जोडावे. मग त्याची तार कुठे तुटली, तरी मोटार बंदच पडेल. तेथूनच सुरूही करायची असल्यास दुसरे हिरवे बटण पहिल्या हिरव्याला समांतर जोडावे, परंतु विहीर तेथून दिसत नसेल तर ते बसवू नये.