आई दूरदर्शनवर निवेदिका होती. घरातल्या जुन्या कॅसेट डिजिटल कशा करून घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की आई मुंबई दूरदर्शनवरून निवेदिका म्हणून निवृत्त झाल्या, घरात खोकंभर कॅसेट आहेत आणि एक दुकानदार ‘सगळं एका पेनड्राइव्हवर’ करून द्यायला तयार आहे. खोकं एवढ्यात त्याच्या हातात देऊ नका, आधी कॅसेट वेगळ्या करा.

व्हीएचएस, म्हणजे घरगुती व्हीसीआरची नेहमीची कॅसेट, ओळखता येतेच. जाडजूड, पाऊण इंची टेप असलेली ती यू-मॅटिक. त्यावर केसीए-60 किंवा छोटीवर केसीएस-20 असं काहीतरी छापलेलं असतं. अर्धा इंची, बीसीटी-30 वगैरे लिहिलेली ती बीटाकॅम. या दोन्ही घरगुती व्हीसीआरमध्ये चालत नाहीत. दुकानदाराला थेट विचारा, तुमच्याकडे कोणतं मशीन आहे? गोलमाल उत्तर आलं तर त्याला फक्त व्हीएचएस द्या.

कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी रेकॉर्डिंग बंद करा. व्हीएचएसच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची जिभली मोडायची, यू-मॅटिकच्या खालच्या बाजूचं लाल बटण काढायचं. चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं तर पुसलेलं परत येत नाही.

मग खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर तिरका टॉर्च मारा. कडेला पांढरट भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. मुंबईच्या पावसाळ्यांनंतर यात नवल नाही. अशी कॅसेट चालवली की बुरशी मशीनच्या हेडवर जाते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर. ती वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. ओल्या फडक्याने पुसू नका. टेप चालताना कुईकुई आवाज आला, अडखळली, चित्रात मुंग्या आल्या, तर चिकट झालीय. लगेच थांबवा. जाणकार लॅब अशी टेप 50 अंशांच्या आसपास कित्येक तास शेकते, तेही टेपचा प्रकार बघून. घरचा ओव्हन अजिबात नको.

कॅप्चरचं, म्हणजे कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरवर उतरवतानाचं, सेटिंग पाल (भारतातली टीव्ही चित्राची पद्धत), 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम. व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडणारे स्वस्त यूएसबी डोंगल पुष्कळदा एनटीएससीवर (अमेरिकी पद्धतीवर) असतात; मग चित्र फिरतं किंवा रंग उडतो. म्हणून कृष्णधवल दिसलं की ‘1982 च्या, म्हणजे रंगीत प्रक्षेपणाच्या, आधीचं असणार’ असं ठरवून मोकळे होऊ नका, आधी सेटिंग बघा. आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडत असेल तर कॉम्प्युटरवर उतरताना मधल्या फ्रेम गळताहेत. व्हीसीआर आणि कॉम्प्युटरच्या मधे टाइम बेस करेक्टर (टेपचा डळमळता सिग्नल स्थिर करणारं यंत्र) लागतो. तो नसेल तर काही डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडूनही बरंच काम भागतं.

डीव्ही फाइल (फारशी न दाबलेली व्हिडिओ फाइल) तासाला साधारण 13 जीबी होते, म्हणजे तीन तासांची कॅसेट 40 जीबीच्या आसपास. खोकंभर कॅसेट 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर ‘बसवल्या’ की चेहऱ्याचे चौकोन झालेच समजा. फाइल 4:3 मध्येच, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकारातच, ठेवायला सांगा. आजच्या रुंद पडद्याच्या 16:9 मध्ये ताणली की माणसं बुटकी दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: काहीही कापायचं नाही. दुकानदार ‘फालतू भाग’ म्हणून मालिका आणि नाटकांच्या मधले तुकडे उडवतो. निवेदिकेचं काम नेमकं त्या तुकड्यांत असतं: ‘यानंतर पाहा’, व्यत्ययाबद्दल दिलगिरी, रात्रीचा निरोप. त्या काळी टेप महाग, केंद्रांवर पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. कुणीतरी घरी टिपलेली ती 40 सेकंदं कदाचित दुसरीकडे कुठेच नसतील. शेजारच्या जाहिरातीही राहू द्या, तारीख लावायला त्यांचा उपयोग होतो.

बीटाकॅम असेल तर दोन्ही ऑडिओ ट्रॅक वेगळे घ्यायला सांगा. कधी एकावर निवेदन आणि दुसऱ्यावर संगीत असतं. एकत्र केलं की आवाज सोडवता येत नाही.

फाइल आल्या की आईंना शेजारी बसवून मिनिट-सेकंदासह वहीत नोंदी करा: कार्यक्रम कोणता, पडद्यावर कोण, साल अंदाजे कुठलं. जुनी करारपत्रं किंवा ड्यूटीच्या डायऱ्या असतील तर त्यांवरून ताडून बघा.

यूट्यूबवर टाकण्याआधी मात्र परवानगी विचारा. नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, 1957 च्या कायद्याप्रमाणे आधी मालक संस्थेचा असतो. कॅसेट तुमच्या कपाटात आहे एवढ्याने तो तुमचा होत नाही.