नाशिकचा फ्लॅट राहू द्या, आधी सह्या उरका

प्रश्न: यजमानांचा (वय 58) ईजीएफआर या जनुकात बदल असलेला फुप्फुसाचा कर्करोग मेंदूच्या आवरणांत पसरलाय. ओसिमर्टिनिब या कर्करोगाच्या गोळीच्या दुप्पट डोसला, म्हणजे रोज 160 मिलिग्रॅमला, महिन्याला 2 लाख लागतील असं रुग्णालयाने सांगितलं. त्यांच्या नावावर मुदतठेव 18 लाख, पीपीएफ 11 लाख, आरोग्यविमा 10 लाखांचा. नाशिकचा दुसरा फ्लॅटही त्यांचाच. बाजारभाव 45 लाख, पण एक जण 38 लाख रोख देऊन लगेच घेतोय. देऊन टाकू का?

उत्तर: नको. 7 लाख सोडावेत इतकी नड तुम्हाला आज नाही. याच डोसच्या एका छोट्या अभ्यासात निम्मे रुग्ण 11 महिन्यांपेक्षा जास्त जगले, निम्मे कमी. वर्षभर औषध चाललं तरी 24 लाख होतात, आणि ठेव व पीपीएफ मिळून 29 आहेत. औषध एका वेळी एकाच महिन्याचं घ्या. पुढच्या एमआरआयमध्ये उपयोग दिसला नाही तर डॉक्टर ते बदलतील, आणि उघडलेली पाकिटं दुकानदार परत घेत नाही.

खरी घाई सह्यांची आहे. या आजारात गुंगी, गोंधळ, झटके येऊ शकतात. शुद्ध हरपली की मुखत्यारपत्रही कायद्याने संपतं. नेमकं हेच लोकांना उशिरा कळतं. म्हणून याच आठवड्यात मृत्युपत्र करा. साक्षीदार दोन, तेही वारस नसलेले, आणि सही समजून-उमजून केल्याचा डॉक्टरांचा त्याच तारखेचा दाखला. ठेव दोघांच्या नावावर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशी करून घ्या. मुदतीआधी मोडायची मुभाही त्याच अर्जात लिहून घ्या, नाहीतर बँक दोघांच्या सह्या मागते.

पीपीएफ संयुक्त होत नाही. खात्याला पाच वर्षं झाली असतील तर गंभीर आजारासाठी ते मुदतीआधी बंद करता येतं. व्याजात 1 टक्का कपात होते. एरवी मी पीपीएफ सगळ्यात शेवटी मोडायला सांगतो, इथे सगळ्यात आधी. सही करता येईनाशी झाली की ते पैसे उपचाराला मिळणं अवघड होतं.

फ्लॅट विकायचा नसला तरी तुमच्या नावावर बक्षीसपत्र करायचा विचार करा. महाराष्ट्रात पतीकडून पत्नीला निवासी घर देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, शहरातला 1 टक्का अधिभार वेगळा. पुढे गरज पडलीच तर सावकाश, योग्य भावात तुम्हीच विकाल.

आता विमा. गोळ्या म्हणजे ओपीडी, असं म्हणून दावा नाकारला तर गप्प बसू नका: तोंडाने घ्यायची केमोथेरपी विमा नियामकाच्या 2019 च्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहे. मात्र पॉलिसीतली उपमर्यादा, म्हणजे अशा उपचाराला जास्तीत जास्त किती मिळतात, ती वाचा. मेंदूत साचलेलं पाणी काढणारी नळी, म्हणजे शंट, बसवायची वेळ आली तर भरती व्हावंच लागतं, त्यामुळे तो खर्च विम्यातून मागा. नूतनीकरणाचा हप्ता एक दिवसही चुकवू नका, नव्या वर्षात विमा रक्कम पुन्हा पूर्ण मिळते.

जुनी करप्रणाली असेल तर कर्करोगाच्या उपचारखर्चावर आयकरात (1961 च्या कायद्यातलं कलम 80डीडीबी) 40,000 पर्यंत वजावट आहे. विम्याने दिलेली रक्कम त्यातून वजा होते. घरी ठेवायचा कॉट, दिवसरात्रीची आया, वेदनाशामकं यांचा खर्च विमा सहसा देत नाही. त्यासाठी ठेवीतले 3 लाख आत्ताच वेगळे काढा.