'पोराले सांगू नका, मॅडम'

"त्याले कॅन्सर म्हनू नका, गाठ म्हना. पोरगं खचून जाईन."

यवतमाळकडचा कापूस पिकवणारा बाप, मुलगा बारावीतला, 17 वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गुडघ्याच्या वर दुखायचं. कबड्डीत मार लागला असेल म्हणून तीन महिने तेल चोळलं. रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं आणि वाढती सूज असेल तर चोळू नका हो, आधी एक्स-रे काढा. बायोप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्यावर, ऑस्टिओसार्कोमा निघाला. हाडाचा हा कॅन्सर बहुतेकदा वाढीच्या वयातच गाठतो.

सांगायचं की नाही, हे मला जवळपास प्रत्येक आईबाप विचारतात. मी त्यांना म्हटलं, "मी आपणहून विषय काढणार नाही, पण त्यानं विचारलं तर खोटं बोलणार नाही." नाखुशीनं त्यांनी मान हलवली.

एकटा भेटल्यावर पोरानं मोबाइल पुढे केला. फाइलचा फोटो काढून त्यानं औषधांची नावं शोधली होती.

"पाय कापतील?"

"आता बऱ्याच जणांचा वाचवता येतो. आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. तुझ्या पायाचं काय ते सर्जन एमआरआय पाहून सांगतील."

बराच वेळ तो नखं कुरतडत बसला. मग खाली बघत म्हणाला, "आन् लग्न? लेकरं होतील का?"

हे या वयातल्या पोरांना लहान मुलांच्या वॉर्डात कुणी विचारत नाही, आणि मोठ्यांच्या ओपीडीत वेळ नसतो. सिस्प्लॅटिन, आयफॉसफामाइड यांसारख्या केमोच्या औषधांनी शुक्राणू कमी होऊ शकतात, कधी कायमचे. म्हणून पहिल्या सलाइनआधीच वीर्याचा नमुना उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात.

मुलगा सज्ञान नव्हता, म्हणून वडिलांची सही लागणार होती. मी विषय काढला तसे ते दुपट्ट्याशी चाळा करत भिंतीकडे बघू लागले. "आत्ता काहून? मिसरूड नाही फुटलं अजून." मी म्हटलं, तुम्ही बाहेर थांबा, डॉक्टर त्याच्याशी बोलतील. डॉक्टरांनी केमो दोन दिवस पुढे ढकलली. नमुना नागपूरच्या वीर्य बँकेत दिला.

तिसऱ्या केमोला वडील माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, त्या बँकेचं सालाचं भाडं कवा भराचं? पराटी (कपाशी) निघाली का भरतो."

कॅन्सर हा शब्द त्यांच्या तोंडून अजून निघालेला नाही. पोरगा मात्र त्यांच्यासमोर उघड बोलतो.